गेमबॉईज : दोन खोल्या, दोन पडदे आणि मनिलातली टाळेबंदी

पिंपळपान (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात तापाने चार दिवस अंथरुणाला खिळलो होतो. वाचायला डोळे साथ देत नव्हते, म्हणून फोनवर ‘गेमबॉईज’ ही फिलिपिनो लघुमालिका लावली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती संपली तेव्हा औषधाची एक वेळ चुकल्याचे लक्षात आले. २०२० सालची ही मालिका आता तशी जुनी झाली. पण दोन तरुणांच्या प्रेमाची ही गोष्ट इतक्या तुटपुंज्या साधनांत कशी उभी राहिली याविषयी मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तिला मालिका म्हणायचे ते ती भागाभागांनी आली म्हणून. एरवी प्रकृतीने ती लघुपटच आहे: मोजकी पात्रे, हाताशी असलेल्या खोल्या आणि उधळायला पैसा नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १७ मार्च २०२० पासून मनिलासह संपूर्ण लुझोन बेटावर कडक टाळेबंदी लागू झाली. बाहेर पडण्याचा पास घरटी एकालाच मिळत असे, आणि पुढे मे महिन्यापासूनच्या नियमांत एकवीस वर्षांखालच्यांनी व साठीपुढच्यांनी घरातच राहावे असे स्पष्ट लिहिलेले होते. चित्रीकरणे ठप्प झाली. त्यातच ५ मे रोजी, प्रसारणाच्या परवान्याची मुदत संपल्यामुळे, देशातल्या सर्वांत मोठ्या वाहिन्यांपैकी एक असलेल्या एबीएस-सीबीएनचे प्रक्षेपण बंद पडले. घरात कोंडलेली तरुण मंडळी तोवर मुलामुलांच्या प्रेमाच्या थाई मालिकांच्या नादी लागलेली होती. अशा वेळी पेर्सी इंतालान आणि जुन रोब्लेस लाना या दोघांच्या ‘आयडियाफर्स्ट’ या निर्मितीसंस्थेने २२ मे रोजी ‘गेमबॉईज’चा पहिला भाग यूट्यूबवर फुकट पाहायला टाकला. दिग्दर्शन इव्हान अँड्र्यू पायावाल यांचे, लेखन अ‍ॅश मलानुम यांचे. सप्टेंबरपर्यंत तेरा भाग आले, वर्ष संपता संपता ती नेटफ्लिक्सवर गेली, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारांच्या लघुमालिका विभागात तिला नामांकन मिळाले.

कथा दोन ओळींत सांगता येते. कैरो हा व्हिडिओ गेम खेळताना त्याचे थेट प्रक्षेपण करणारा तरुण आहे, आणि एके दिवशी गाव्रील नावाचा एक चाहता त्याला हरवतो. कैरोला पुन्हा खेळून हिशेब चुकता करायचा आहे. गाव्रीलला खेळापेक्षा कैरोशी बोलत राहण्यात रस आहे, आणि तो ते लपवत नाही. कैरोचे वडील कोविडने रुग्णालयात आहेत, त्यांच्याजवळ जाण्याची सोय नाही, आणि घरातल्या ताणतणावाचे सगळे ओझे कैरो आपल्याच माथी घेऊन बसला आहे. एलायजा कान्लास आणि कोकॉय दे सान्तोस या दोन अभिनेत्यांनी हे काम केले आहे. कान्लास याला त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटासाठी ‘गावाद उरियान’ हा तिथल्या समीक्षकांचा अभिनयपुरस्कार मिळाला. हे मुद्दाम सांगतो, कारण स्वस्तातले काम म्हणजे हौशी नटांचे काम असा आपला एक समज असतो.

आता मुद्द्याकडे येतो. प्रेक्षकाला जे दिसते ते सगळे संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावरचे आहे: कॉलच्या चौकटी, संदेशांच्या खिडक्या, खेळाचे प्रक्षेपण. नट आपापल्या घरी होते, दिग्दर्शकही त्याच्या घरी, आणि सुरुवातीच्या भागांचे काम दूरस्थ पद्धतीनेच झाले. म्हणजे पात्रांना जी बंदी होती तीच ती पात्रे उभी करणाऱ्यांनाही होती. प्रेमकथेत दिग्दर्शकाचा हुकमी पत्ता म्हणजे स्पर्श: हातावर हात, खांद्यावर डोके, पावसात एका छत्रीत दोघे. इथे तो पत्ता पानातूनच काढून घेतलेला आहे. मग उरते काय? चेहरा, आवाज आणि उशीर. उत्तर यायला लागणारा उशीर हा या मालिकेत एखाद्या पात्रासारखा वावरतो. व्हिडिओ कॉल तुटला की समोरचा चेहरा नाहीसा होतो आणि काळ्या चौकटीच्या बाजूला आपलाच चेहरा आपल्याकडे पाहत राहतो, हा अनुभव आपण सर्वांनी त्या वर्षी घेतला. पण ज्याच्यावर जीव जडला आहे त्याचा कॉल तुटल्यावर आपल्याच चेहऱ्याचे काय होते ते कान्लासने दाखवले आहे.

फिलिपिन्समध्ये कमी पैशांत सिनेमा करण्याची परंपरा आहे, हे खरे. २००५ मध्ये मनिलाच्या सांस्कृतिक केंद्रात ‘सिनेमालाया’ महोत्सव सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या प्रत्येक संहितेला पाच लाख पेसोचे बीजभांडवल दिले जाई. त्या वेळच्या दराने ते साधारण चार लाख रुपये होतात. डिजिटल कॅमेरे स्वस्त झालेले होते, त्यामुळे एवढ्यात पूर्ण लांबीचा चित्रपट होई, आणि समलिंगी नायक असलेल्या कितीतरी गोष्टी याच वाटेने पडद्यावर आल्या. पण त्या चित्रपटांत गरिबी ही वस्तीत, गल्लीत, घराच्या भिंतीत दिसायची. ‘गेमबॉईज’मध्ये साधनांची गरिबी थेट कथनाच्या व्याकरणात उतरली. टाळेबंदीने फिलिपिनो सिनेमाला पडद्यावरून पडद्यावर प्रेम करण्याची ही सर्वस्वी नवी रीत शिकवली, असे मला वाटते. ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना हे पटते का?


कॅमेरामागून

लेख आवडला. मी गेली बारा वर्षे चित्रीकरणाच्या क्षेत्रात ध्वनिमुद्रणाचे काम करतो, त्यामुळे माझे कान आधी वेगळ्या ठिकाणी जातात. मनिलाच्या मे महिन्यात, घरातल्या खोलीत, पंखा बंद ठेवून संवाद म्हणायचे ही साधी गोष्ट नाही. पंखा चालू ठेवला तर आवाजात घरघर येते, आणि बंद केला तर दुसऱ्या मिनिटाला कपाळ चमकू लागते. कमी खर्चाचे फिलिपिनो लघुपट पाहण्याची सवय असलेल्यांना कोंबड्याचे आरवणे आणि तीनचाकी ‘ट्रायसिकल’चा फटफटाट हे पार्श्वसंगीतच वाटते. इथे मात्र असे आवाज खटकत नाहीत, कारण कॉलवर असे आवाज येतातच हे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेले असते. अडचण पोटात घालणारा हा आकृतिबंध आहे.

दुसरी बाब नजरेची. कॉलवर आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, पाहतो. भिंगाकडे पाहत नाही. म्हणून समोरच्याला आपली नजर नेहमी किंचित खाली झुकलेली दिसते. एरवी हा दोष आहे. पण लाजऱ्या माणसाची नजर तशीच असते, आणि भिंगात थेट पाहणारा माणूस धीट वाटतो. कैरो आणि गाव्रील यांच्या स्वभावातला अर्धा फरक नटाने कुठे पाहिले एवढ्यावर उभा करता येतो. त्यासाठी रुपयाही लागत नाही, फक्त दिग्दर्शकाला ते सुचावे लागते.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप नोंदवतो. ‘कमी पैशांत केले’ याचे कौतुक करताना ते पैसे कोणाच्या अंगावरून वाचले हे विचारले पाहिजे. आमच्याकडे ‘लघुपट आहे, प्रेमाने करायचे’ असे सांगून अठरा अठरा तास राबवून घेणारे निर्माते मी पाहिले आहेत, आणि एकदा मानधन म्हणून मला वडापाव आणि नामावलीत चुकीचे छापलेले आडनाव मिळाले आहे. फिलिपिन्समध्ये तर हा प्रश्न जिवाशी आला. जून २०१९ मध्ये ज्येष्ठ अभिनेते एडी गार्सिया एका मालिकेच्या चित्रीकरणात जमिनीवरच्या केबलमध्ये पाय अडकून पडले, मानेला इजा झाली, आणि २० जूनला त्यांचे निधन झाले. ते नव्वद वर्षांचे होते. पुढे २०२४ मध्ये तिथे चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कामगारांसाठी कामाचे तास व सुरक्षितता ठरवणारा कायदा झाला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घरून केलेल्या चित्रीकरणात निदान केबल ओलांडणारे कोणी नव्हते, एवढे समाधान.


शब्दवेल्हाळ

मी मूळ तागालोग (फिलिपिन्समधली एक प्रमुख भाषा) संवाद आणि इंग्रजी उपशीर्षके (सबटायटल्स) असे दोन्ही ताडून पाहत बसले, आणि त्यात जे सापडले ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तागालोगमध्ये तृतीयपुरुषी एकवचनाला ‘सिया’ हा एकच शब्द आहे. तो, ती, दोन्हींसाठी तोच. एवढेच नव्हे, तर ‘असावा’ म्हणजे नवरा किंवा बायको, ‘अनाक’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी, ‘कापातिद’ म्हणजे भाऊ किंवा बहीण. तरुणांच्या बोलीतला ‘जोवा’ हा शब्दही प्रियकर आणि प्रेयसी या दोघांना चालतो. याचा अर्थ असा, की फिलिपिनो मुलगा आपल्या आईशी जेवताना अर्धा तास आपल्या प्रेमाविषयी बोलू शकतो, कोण भेटले, काय म्हणाले, कसे दिसते हे सगळे सांगू शकतो, आणि ज्याच्याविषयी तो बोलतो आहे तो मुलगा की मुलगी हे व्याकरणाने एकदाही उघड होत नाही. इंग्रजी उपशीर्षक लिहिणाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यात निवड करावी लागते आणि गुपित फुटते.

मराठीत तर आपण त्याहून अडचणीत आहोत. ‘तो भेटला’, ‘ती भेटली’ हे सोडाच. आपले क्रियापद स्वतः बोलणाऱ्यालाही सोडत नाही. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’, तिसरा रस्ता नाही. मी गंमत म्हणून एका प्रसंगाचे मराठी भाषांतर करून पाहिले आणि तिसऱ्या वाक्याला ‘ती व्यक्ती’ लिहून मोकळी झाले. वाचल्यावर ते पोलीस पंचनाम्यासारखे वाटले.

‘किलिग’ या शब्दाविषयीही दोन ओळी. प्रेमातल्या एखाद्या लहानशा गोष्टीने अंगावर येणारा गोड शहारा, असा त्याचा अर्थ. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानेही तो स्वीकारला. आपण त्याला ‘गुदगुल्या होणे’ म्हणू, पण त्यात थोडी थट्टा मिसळलेली आहे, आणि ‘रोमांच’ हा शब्द आता मासिकांच्या मुखपृष्ठावरच उरला. ज्याला प्रेम आहे पण सांगण्याची हिंमत नाही अशा मुलाला ते ‘तोर्पे’ म्हणतात. कैरो हा अस्सल तोर्पे आहे.

जाता जाता: चेहऱ्याला तागालोगमध्ये ‘मुखा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरो’, आणि गरीब माणसाला ‘दुखा’. संस्कृताचे हे जुने पाहुणे तिथे इतके रुळले आहेत की संवादात अचानक ‘मुखा’ ऐकू आला की आपण दचकतो.


दवावकर

मी २०१५ ते २०१९ या काळात मिंडानाओ बेटावरच्या दवाव शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी होतो. तिथे मराठी मुले बरीच असतात, आमच्या मजल्यावरच सांगली आणि लातूरची मिळून सहा जण होतो. म्हणून थोडे विरजण घालतो, राग मानू नये.

‘गेमबॉईज’ मला गोड वाटली, पण मी तिथे चार वर्षे जे पाहिले ते तिच्यात शोधून सापडले नाही. फिलिपिन्समध्ये ‘बाक्ला’ हा शब्द आणि ती व्यक्ती कोणापासून लपलेली नाही. दवावच्या बाजूला सेबुआनो बोलतात, तिथे ‘बायोत’ म्हणतात. बायकी चालीचा, केस रंगवलेला, केशकर्तनालय चालवणारा, अख्ख्या वस्तीला नावानिशी ओळखणारा हा माणूस. आमच्या गल्लीतही एक होते. वस्तीच्या जत्रेत, म्हणजे फिएस्तात, बास्केटबॉलच्या मैदानावर पताका लावून समलिंगी पुरुषांची सौंदर्यस्पर्धा होत असे, आणि तिला म्हाताऱ्या आज्या पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून बसत. स्पर्धकाच्या उंच टाचेचा बूट मातीत रुतला तर त्या आज्याच उठून हात देत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला त्याच गल्लीतली पोरे चिडवत. सहन करून घेणे आणि स्वीकारणे यांत अंतर असते, ते मला तिथे कळले.

आता ही मालिका पाहा. दोन्ही नायक गोरेपान, सडपातळ, केस व्यवस्थित, स्वतःची खोली, स्वतःचा संगणक. ज्या देशात पपईचा साबण गोरे होण्यासाठी किराणा दुकानात टांगलेला असतो, त्या देशात हा गोरेपणा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. शिवाय इंटरनेट. तिथल्या गरीब वस्तीत रस्त्याच्या कडेला ‘पिसो वायफाय’ची पेटी असते. एक पेसोचे नाणे टाकायचे, काही मिनिटे जोडणी मिळते, की पुन्हा नाणे. टाळेबंदीत ज्या मुलाला बाहेर पडायलाच मनाई होती, त्याने त्या पेटीपर्यंत जायचे कसे? त्याच्या प्रेमाचे काय झाले असेल? स्वस्तातली मालिका म्हणून आपण कौतुक करतो आहोत, पण तिच्यातल्या प्रेमाला लागणारी साधने स्वस्त नाहीत.


पिंपळपान (धागाकर्ता)

दवावकर, राग कसला? नाण्याच्या पेटीचा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो बिनतोड आहे. गोरेपणाविषयीही तुमचे बरोबर आहे. थाई मालिकांनी जो साचा लोकप्रिय केला तोच इथे उचललेला दिसतो.

मात्र मालिकेच्या बाजूने एक सांगतो. पूर्वीच्या फिलिपिनो चित्रपटांत बाक्ला भरपूर होता, पण तो बहुधा नायिकेचा विनोदी मित्र. १९६९ मध्ये विनोदी नट डॉल्फी यांनी केलेल्या अशा भूमिकेवर तिथल्या दोन पिढ्या हसल्या. हसवायचे नसेल तेव्हा रडवायचे: फसवणूक, एकाकीपण, किंवा मृत्यू. ‘गेमबॉईज’मध्ये दोघांपैकी कोणालाही प्रेम केल्याची शिक्षा म्हणून मरावे लागत नाही. घरात मृत्यू येतो, पण तो साथीमुळे येतो, जसा त्या वर्षी कोणाच्याही घरात येत होता. प्रेमाचा आणि मरणाचा संबंध असा तोडून टाकणे मला मोठे वाटले. गल्लीतल्या त्या केशकर्तकाची अशीच आनंदी प्रेमकथा कधी येणार, हा तुमचा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच.


निशिगंध

एडी गार्सिया यांचे नाव वर आले आहे म्हणून एक जोडणी दाखवते. १९७१ मध्ये लिनो ब्रोका यांच्या ‘तुबोग सा गिंतो’ या चित्रपटात गार्सिया यांनी बायकोमुलांपासून आपले समलिंगी असणे लपवणाऱ्या श्रीमंत गृहस्थाची भूमिका केली होती. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, ‘बुआकाव’ या चित्रपटात त्यांनी एका खाष्ट म्हाताऱ्याचे काम केले. हा म्हातारा आपण कोण आहोत हे उतारवयात स्वतःशी मान्य करतो, आणि सोबतीला त्याच्याजवळ एक भटकी कुत्री आहे. ‘बुआकाव’चे दिग्दर्शक म्हणजेच जुन रोब्लेस लाना, ‘गेमबॉईज’च्या दोन निर्मात्यांपैकी एक. लपवणारा नवरा, उशिरा उमगलेला म्हातारा, आणि वेळेवर बोलून टाकणारा गाव्रील अशी ओळ लावली की ही मालिका आकाशातून पडलेली नाही हे दिसते.

आणखी एक. लाना आणि इंतालान हे स्वतः जोडपे आहे. त्यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन लग्न केले, कारण स्वतःच्या देशात ती सोय नाही. फिलिपिन्समध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, पण १९८७ च्या कुटुंब संहितेत विवाह पुरुष आणि स्त्री यांच्यातलाच आहे, आणि त्याविरुद्धची याचिका तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळली. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारे विधेयक २००० पासून संसदेत या ना त्या रूपात मांडले जाते आणि अडकते. घटस्फोटाचाही सर्वसाधारण कायदा नसलेला तो देश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे चर्चचे वजन किती ते कळेल. मालिका यातले काहीही उच्चारत नाही. मला ती चतुराई वाटली, माझ्या मैत्रिणीला ती पळवाट वाटली; आमचे भांडण अजून मिटलेले नाही.


खाडीपल्याड

मी अठरा वर्षे दुबईत एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या पाळीतल्या निम्म्याहून अधिक मुली फिलिपिनो आहेत. सिनेमाचे मला फारसे कळत नाही. पण धाग्यातले एक वाक्य वाचून थांबले, ते म्हणजे टाळेबंदीने फिलिपिनो लोकांना पडद्यावरून पडद्यावर प्रेम करायची नवी रीत शिकवली.

पिंपळपान, त्यांना ही रीत शिकवण्याची गरज नव्हती. २०१९ च्या तिथल्या सरकारी पाहणीप्रमाणे सुमारे २२ लाख फिलिपिनो परदेशात नोकरीला होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीचा मुलगा इलोइलोला आजीकडे वाढला. तिची पाळी दुपारी तीनला संपते तेव्हा तिकडे सात वाजलेले असतात. खोलीवर आली की ती व्हिडिओ कॉल लावते, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. मुलगा तिकडे अभ्यास करत असतो. तासन्‌तास कॉल चालू, आणि बोलत कोणीच नसते. मध्येच ती ओरडते, ‘पाठ ताठ ठेव’, आणि तो बघतही नाही, नुसता ताठ बसतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले होते की ती फोन बंद करायला विसरली आहे.

‘गेमबॉईज’ मी तिच्याच फोनवर पाहिली. आमच्या खोल्यांत तेव्हा सगळ्याच बघत होत्या. तिला मी म्हटले, किती वेगळी कल्पना आहे ना? ती म्हणाली, यात वेगळे काय आहे, आम्ही सगळे असेच राहतो.

तिनेच मग मला आल्डेन आणि मेन यांची गोष्ट सांगितली. २०१५ मध्ये ‘ईट बुलागा’ या दुपारच्या कार्यक्रमात पडद्याचे दोन भाग करून एका बाजूला आल्डेन रिचर्ड्स आणि दुसऱ्या बाजूला मेन मेंडोझा यांना दाखवत. दोघे एकमेकांशी बोलायचे ते गाण्यांवर ओठ हलवून आणि कागदावर लिहून. एक खट्याळ आजी त्यांना भेटू देत नसे, आणि एकदा भेट होणार तोच मध्ये प्लायवूडची भिंत आली. अखेर २४ ऑक्टोबरला पंचावन्न हजार आसनांच्या फिलिपीन अरेनामध्ये मोठा सोहळा केला, आणि त्या दिवशी त्याविषयी ट्विटरवर चार कोटींच्या वर संदेश गेले. टाळेबंदीच्या पाच वर्षे आधी अख्खा देश अर्ध्या पडद्यावरच्या दोघांसाठी जीव टाकत होता. फरक एवढाच की ते मुलगा आणि मुलगी होते.


शब्दवेल्हाळ

खाडीपल्याड, अर्ध्या पडद्याच्या या गोष्टीमुळे ‘किलिग’चा अर्थही मला नव्याने कळला. भेट झाली की तो शहारा बहुधा ओसरतच असणार, म्हणून तर आजी आणि प्लायवूड दोन्ही लागतात. ‘गेमबॉईज’मध्ये आजीचे काम सरकारने केले.


रत्नदुर्ग

आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. माझे वडील १९८० च्या दशकात कुवेतला होते. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते ध्वनिफीत भरून गावी येणाऱ्याबरोबर पाठवायचे. आई ती दुपारी, आम्ही शाळेत असताना, एकटीच ऐकायची, आणि संध्याकाळी आमच्यासाठी पुन्हा लावायची. पण तेव्हा फीत सुरुवातीपासून नसायची, थोडी पुढे नेऊन ठेवलेली असायची. फिलिपिनो कामगारही त्या काळात सौदीतून अशाच फिती घरी पाठवत असत, हे मी नंतर वाचले. पुढे नेलेल्या त्या भागात काय होते हे मी आईला कधी विचारले नाही.

मालिका अजून पाहिलेली नाही. भाग छोटे आहेत का, आणि घरात सगळ्यांसमोर लावता येईल का, तेवढे सांगावे.


पिंपळपान (धागाकर्ता)

रत्नदुर्ग, सुरुवातीचे भाग छोटे आहेत, पुढचे लांबत जातात. दोघे बहुतेक काळ वेगवेगळ्या घरांत असल्यामुळे सगळ्यांसमोर लावायला काहीच अडचण नाही. २०२१ मध्ये याच जोडीवर पूर्ण लांबीचा चित्रपट आला, त्यात ते अखेर एका घरात राहतात. तो मात्र मालिकेनंतरच पाहावा. खरे सांगायचे तर एका घरात आल्यावर त्यांचे मला पूर्वीइतके कौतुक वाटले नाही.

खाडीपल्याड, मूळ लेखातले ते वाक्य मी मागे घेतो. ‘सर्वस्वी नवी’ हे शब्द खोडून संपादन करणार होतो, पण मग तुमचा प्रतिसाद कशाला होता ते पुढच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून तसेच ठेवले आहेत. काल रात्री पहिला भाग पुन्हा लावला. या वेळी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे कमी आणि फोन कशाला टेकवून ठेवला असेल याकडेच लक्ष जात होते.